लेथवर पेन कातताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंनी आज्ञा केली, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. व्याख्यान देणे हा माझा पिंड नव्हे. संसाराची तीस वर्षे मी मोटारीच्या तांब्याच्या तारा गुंडाळण्यात घालविली, आणि त्या कामात तोंडापेक्षा हातच अधिक चालतो. परंतु ‘मंडळाने तुम्हांला कर्जाऊ पैसे दिले, त्यांचे तुम्ही काय केले, ते तरी सांगा,’ असे बाईंनी म्हटल्यावर मला नाही म्हणता आले नाही. तेव्हा आजचे माझे बोलणे म्हणजे भाषण नसून हिशेब आहे, असेच आपण समजावे.

आमचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्या आमगावच्या आसपास धानाची शेती, शेतोशेती पाण्याचे पंप, गावोगावी राइस मिल. त्यामुळे जळलेल्या मोटारींची कधी वाण पडली नाही. यांनी दुकानात एक लहानसा लेथ ठेविला होता. शाफ्ट घासून काढणे, बूश बसविणे, एवढ्यापुरताच त्याचा उपयोग. पाच वर्षांपूर्वी हे गेले आणि दुकानाला कुलूप लागले. लेथावर मी यांचे जुने धोतर पांघरून ठेवले. मुलगा नागपूरला नोकरीस असतो. तो म्हणाला, ‘आई, हे धूड भंगारात देऊन टाक, जागा तरी भाड्याने जाईल.’ त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा अंदाजही करून गेला. पण प्रत्येक वेळी माझ्या तोंडून ‘पुढच्या महिन्यात पाहू’ एवढेच निघाले.

अशात एके दिवशी आमच्या शेजारचे निवृत्त गुरुजी दारात उभे राहिले. त्यांच्या हातात काळ्या इबोनाइटचे जुने पेन होते आणि त्याचे टोपण उभे तडकलेले होते. ‘वहिनी, तुमच्या मशीनवर याचे टोपण बनते काय?’ त्यांनी विचारले. मी म्हटले, ‘गुरुजी, मी फक्त तारा गुंडाळत होते, मशीन तर हेच चालवीत.’ गुरुजी म्हणाले, ‘पण पाहत तर होता ना?’

पाहत होते, हे खरेच. तीस वर्षे तीन हातांवर बसून मी तो लेथ चालताना पाहिला होता. चकमध्ये नग कसा धरावा, टूलची धार केव्हा गेली हे आवाजावरून कसे ओळखावे, हे सारे डोळ्यांना आणि कानांना ठाऊक होते. हातांना मात्र नव्हते. गुरुजींचे ते टोपण करावयास मला एकवीस दिवस लागले. सात तुकडे वाया गेले. आठवे टोपण बसले. ते फिरवून गुरुजींनी माझ्यासमोर सही केली, आणि त्या दिवशी भंगारवाल्याचा विषय संपला.

येथे थोडा इतिहास सांगते. कारण पेन करणे हा परक्यांचा धंदा, अशी आपली समजूत असते. शाई आत साठवून लिहिणारे पेन चांगले चालू लागले ते अमेरिकेत वॉटरमन यांनी १८८४ साली आपल्या पेनाचे पेटंट घेतल्यापासून. निबेच्या खाली जी काळी पट्टी असते, जिला आम्ही जीभ म्हणतो, तिच्यात शाई खाली यावयाला आणि हवा वर जावयाला वाट ठेवणे, ही त्यातील खरी युक्ती. आपल्याकडे आंध्रातील राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेन घडविले. ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांच्या हस्ते ते गांधीजींकडे गेले आणि १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याहून पत्र लिहून पेन उत्तम चालते असे त्यांना कळविले. म्हणजे या धंद्याला मिळालेली सर्वांत मोठी शाबासकी आपल्या विदर्भाच्या मातीतून गेलेली आहे! त्याच सुमारास, १९३१ साली, मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा कारखाना काढला. उंटाच्या छापाची ती शाई आपल्यापैकी पुष्कळजणींच्या बोटांना लागलेली असेल. निबा आजही कानपूरला तयार होतात. आणि पुण्यात ‘फॉस्फर’ या नावाने लेथवर हाताने पेने घडविली जातात. भवभूतीचे गाव म्हणून ज्या पदमपूरचा आपण अभिमान धरतो, ते येथून हाकेच्या अंतरावर. अशा ठिकाणी लेखणीचा धंदा निघाला तर त्यात नवल ते काय?

आता मुख्य विषयाकडे वळते. ज्या भगिनींना हे काम शिकावयाचे आहे, त्यांनी सुरुवात कशी करावी?

सर्वांत आधी कपडे. हे मी गमतीने सांगत नाही. पहिल्याच महिन्यात माझ्या पदराचे टोक फिरत्या चकमध्ये गुंतले. बटण उजव्या हाताशी होते म्हणून मी आज आपल्यापुढे उभी आहे. पदर मात्र वीतभर फाटला. तेव्हापासून माझा नियम असा: पदर खोचून वरून घट्ट ॲप्रन, वेणीचा अंबाडा, बांगड्या, अंगठी आणि मंगळसूत्र डब्यात, डोळ्यांवर चष्मा. हातमोजे घालू नयेत, तेही चक ओढून घेतो. मंगळसूत्र काढण्यावरून एका भगिनीने नाक मुरडल्याचे मला आठवते. तिला मी एवढेच म्हणेन, की सौभाग्याचे लेणे गळ्यात राहावे म्हणून आधी गळा शाबूत राहिला पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे मार्ग निवडणे. पेन करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला तयार संचाचा. पितळी नळ्या, निब, टोपणाची कडी, खोचा, सारे विकत मिळते. आपण लाकडाला आरपार भोक पाडून त्यात नळी चिकटवावयाची, वरून लाकूड कातावयाचे आणि भाग दाबून बसवावयाचे. लहानशा लाकडी कामाच्या लेथवरही हे होते आणि नवशिकीला दोन-चार दिवसांत हातात पेन दिसते. दुसरा मार्ग म्हणजे निबेखेरीज सारे आपणच घडविणे; आटेही आपणच पाडावयाचे. याला वेळ लागतो, चूक सहन होत नाही, पण नग आपला होतो. मी दुसरा मार्ग धरला, कारण माझ्याकडे लोखंडी कामाचा लेथ होता आणि गुरुजींच्या टोपणाने मला आट्यांची गोडी लावली होती. नवीन बाईने मात्र पहिल्या मार्गाने जावे, असेच मी सांगेन.

मंडळाकडून मी वीस हजार रुपये घेतले, ते याच दुसऱ्या मार्गासाठी. त्यांत बारीक नग धरणारा चक, ड्रिलचे दांडे, आटे पाडण्याचे टॅप आणि डाय, एक चांगला व्हर्निअर आणि इबोनाइटच्या सळया एवढ्या वस्तू आल्या. इबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून, पुष्कळ वेळ तापवून कडक केलेला पदार्थ. कातताना त्याची काळी लांब फीत निघते आणि गंधकाचा वास घरभर सुटतो. पहिल्या दिवशी शेजारच्या वहिनी ‘काही जळले काय?’ म्हणून धावत आल्या होत्या.

कामाची रीत अशी. सोळा मिलिमीटर जाडीच्या सळईचे तीन तुकडे करावयाचे. टोपणाला सत्तर मिलिमीटर, नळीला नव्वद आणि निब जिच्यात बसते त्या मानेला तीस. प्रत्येक तुकडा चकमध्ये धरून त्याचे तोंड सपाट करावे, मध्यावर खूण पाडावी, मग आधी बारीक आणि मागून जाड ड्रिल घालावे. ड्रिल दर थोड्या अंतराने बाहेर काढून चुरा झटकावा. घाई केली तर आत उष्णता साठते, इबोनाइट मऊ पडते आणि भोक वाकडे जाते. नळीच्या तोंडाला मी दहा मिलिमीटर व्यासाचे, एक मिलिमीटर अंतराचे आटे पाडते. त्यासाठी आधी नऊ मिलिमीटरचे भोक लागते. आटे पाडताना यंत्र बंद ठेवून चक हाताने फिरवावयाचा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. भाकरी थापताना जशी हाताला पिठाची ओल समजते, तसा टॅप अडला की हाताला समजतो. तेथे जोर केला की नळी फुटलीच.

टोपणाचे आटे बाहेरून तेरा मिलिमीटरचे. येथे नवशिकीची एक चूक होते. नाजूक दिसावे म्हणून ती नळी बारीक करते. मग आतल्या आणि बाहेरच्या आट्यांच्या मध्ये भिंत उरत नाही आणि नळी तेथेच चिरते. शिवाय साध्या आट्यांचे टोपण उघडावयास पाच-पाच फेरे लागतात. तीन तोंडांचे आटे पाडणारे टॅप-डाय मिळतात, त्यांनी दीड-दोन फेऱ्यांत टोपण उघडते. ते महाग पडतात, म्हणून मी ते वर्षभरानंतर घेतले.

बाहेरून आकार देण्यासाठी पितळेचा आटेदार दांडा करून त्यावर नळी चढवावी. टूल धारदार हवे, एका वेळी थोडेच कातावे. मग पॉलिश पेपर चारशे नंबरपासून दोन हजारपर्यंत, पाण्यात बुडवून. लेथवर त्या वेळी जुने वर्तमानपत्र झाकावे. पेपरची खर यंत्राच्या पाटावर पडली तर यंत्राची झीज होते. झालेले पेन उन्हात ठेवू नये, काळ्या इबोनाइटला उन्हाने तपकिरी-हिरवट छटा येते.

लाकडाबद्दल दोन शब्द. आपल्या जिल्ह्याला जंगलाची देणगी आहे, पण जंगलातून लाकूड तोडून आणणे हा गुन्हा आहे. मी फक्त ओळखीच्या सुताराकडचे तुकडे पावती घेऊन आणते. साग, शिसम, बिजा, पिवळा हळदू, सारे कातता येते. माझ्या आवडीचे लाकूड मात्र तेंदूचे. ज्या तेंदूच्या पानांवर आपल्यातील कितीतरी जणींनी विड्या वळून मुले वाढविली, त्याच तेंदूच्या जुन्या झाडाच्या गाभ्यात काळे कुळकुळीत, दगडासारखे लाकूड निघते. पान आपण रोज हाती घेतो, गाभा फार थोड्यांनी पाहिलेला असतो. वरून मी लाखेचे पॉलिश देते. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, फिरत्या नगावर चिंधीने लावावयाची. लाखही आपल्या पळसावरचीच. लाकूड मात्र पुरते वाळलेले हवे. माझी ओल्या बिजाची चार पेने पावसाळ्यात सुरेख दिसली आणि मे महिन्यात चारही उभी तडकली. लाकडाची धूळ छातीत जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क बांधावा. आणि लाकडी नळीत शाई थेट ओतू नये, लाकूड ती पिते.

आता हिशेबातील न सांगण्यासारखा भाग सांगते, कारण तोच सर्वांच्या उपयोगाचा आहे.

एका शाळेने पंधरा ऑगस्टच्या बक्षिसांसाठी पंचवीस पेने मागितली. एवढे मोठे काम पहिलेच. मी दोन महिने दुपारची झोप सोडली. पेने जुन्या पद्धतीची, ड्रॉपरने नळीतच शाई भरावयाची अशी केली. त्यात खर्च कमी आणि शाई पुष्कळ मावते. प्रत्येक पेन शाई भरून रात्रभर टीपकागदावर निजवून पाहिले. एकही ठिपका पडला नाही. बक्षीससमारंभात मला पहिल्या रांगेत बसविले, पुष्पगुच्छ दिला. आपल्यापैकी कित्येकजणी टाळ्या वाजवावयास आल्या होत्या.

डिसेंबरमध्ये पहिले पेन परत आले. मग दुसरे, मग एकदम चार. नाताळापर्यंत अकरा पेने माझ्या ओट्यावर होती. मुलांच्या वह्यांवर डाग, सदऱ्यांवर डाग. एका मुलीची आई मुलीचा पांढरा सदरा घेऊनच आली. ती रागावली नाही. नुसता सदरा माझ्यापुढे धरून उभी राहिली. त्या महिन्याचा आणि पुढच्या महिन्याचा मंडळाचा हप्ता मी भरू शकले नाही. सभेत ‘लोणची-पापडांसाठी पैसे दिले असते तर बरे झाले असते’ असे शब्द निघाले, ते माझ्या कानांवर आले. बोलणाऱ्या भगिनीवर माझा राग नाही. पैसा तिचाही होता.

मी अकराही पेने उघडून ओळीने मांडली आणि एकेकाचे कारण शोधले. चार पेनांत दोष उघड होता: मानेचा खांदा नळीच्या तोंडाशी काटकोनात बसत नव्हता, तेथून शाई पाझरत होती. ते माझ्या टूलचे पाप. पण उरलेल्या सातांत काहीच दोष दिसेना. घरी ठेवली की ती गळत नसत. पंधरा दिवस मी या कोड्याने हैराण होते. शेवटी एका पहाटे, अंगणात शेकोटीजवळ हात शेकून मी त्यातले एक पेन उचलले आणि हिशेबाच्या वहीवर लिहू लागले, तो टपकन थेंब पडला!

कारण असे, भगिनींनो. नळी अर्धी रिकामी असली की तिच्यात हवा असते. थंडीच्या सकाळी दप्तरात गार पडलेले पेन मुलाने उबदार मुठीत धरले, की आतली हवा तापून फुगते आणि शाईला पुढे ढकलते. पंधरा अंशांची हवा तीस अंशांवर गेली, तर ती सुमारे वीस भागांत एक भाग वाढते. अर्ध्या रिकाम्या नळीत एवढे म्हणजे थेंब-दीड थेंब शाई. मी परीक्षा घेतली होती ऑगस्टच्या उकाड्यात, तेव्हा बाहेरची हवा आणि हाताची ऊब यांत फारसा फरकच नव्हता. आणि नळ्याही मी काठोकाठ भरून पाहिल्या होत्या, म्हणजे आत हवाच नव्हती. त्यातून नाजूकपणाच्या हौसेने मी काही नळ्या पातळ कातल्या होत्या, त्यांतून ऊब लवकर आत पोचे. परीक्षा मी घेतली, पण मुले ज्या रीतीने पेन वापरतात त्या रीतीने घेतली नाही.

मी मुख्याध्यापकांकडे जाऊन सारे सांगितले आणि पंचवीसही पेने परत मागून घेतली. जी चौदा गळत नव्हती, तीही. मुख्याध्यापक म्हणाले, ‘बाई, चांगली पेने कशाला नेता?’ मी म्हटले, ‘ती आज चांगली आहेत, पुढच्या डिसेंबरची हमी माझ्याजवळ नाही.’ नळ्या नव्याने जाड केल्या, खांदे काटकोनात घेतले, आट्यांना सिलिकॉनचे ग्रीस लावले आणि प्रत्येक पेनात शाई ओढून घेणारी लहान नळी, जिला कन्व्हर्टर म्हणतात, ती बसविली. तिच्यात शाई थोडी मावते, पण हवाही थोडीच असते, आणि तिच्याभोवती पोकळी राहिल्यामुळे हाताची ऊब लगेच पोचत नाही. हा खर्च मीच सोसला. त्या व्यवहारात मला एक पैसाही सुटला नाही, उलट पदरचे गेले. सव्वीस जानेवारीला पेने मुलांच्या हातांत परत दिली. त्यानंतर दोन हिवाळे गेले; एकही पेन परत आले नाही.

गेल्या दसऱ्याला मंडळाचा शेवटचा हप्ता मी भरला. चुकलेले दोन हप्ते विलंबाच्या आकारासह. आजमितीस महिन्याला दहा-बारा पेने होतात. त्यांवर बंगला बांधता येत नाही, पण दुकानाचे कुलूप निघाले आहे आणि विजेचे बिल व माझे औषध मुलाकडे मागावे लागत नाही. प्रत्येक नव्या पेनाची परीक्षा मी आता अशी घेते: शाई अर्धी भरावयाची, माठाच्या पाण्याशेजारी तासभर गार ठेवावयाचे, मग मुठीत धरून पानभर लिहावयाचे. पानावर डाग पडला तर पेन पुन्हा लेथवर.

शेवटी एक विनंती. विडी वळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, रांगोळी काढणाऱ्या आपल्या बायकांची बोटे या कामाला जन्मजात तयार आहेत. माझ्यापेक्षा त्यांना हे लवकर साधेल. लोखंड पाहून भिऊ नये. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोनपासून माझे दुकान उघडे असते. शिकण्याची फी नाही. मात्र पहिल्या महिन्यात जे तुकडे फुटतील, ते फेकू देणार नाही. माझे सात तुकडे अजून खिडकीत ओळीने मांडलेले आहेत, त्यांच्या शेजारी तुमचे ठेवू. येताना केस बांधून आणि बांगड्या घरी ठेवून या.